कापलेल्या सहा ओळी

आमच्या दैनिकाच्या पुरवणी विभागात तिला सगळे कात्री म्हणायचे. मागे नव्हे, अगदी तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी नवा लेखक कागद घेऊन आला की तीच हसून सांगायची, "मी कात्री. आधी बसा, पाणी प्या, मग लेख द्या." बावीस वर्षं ती दर बुधवारची आरोग्य पुरवणी लावत होती. लेखावर एक नजर टाकून "अठरा ओळी जास्त आहेत" असं सांगायची, आणि मोजल्या तर सतरा किंवा एकोणीस भरायच्या. मी शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासायचो. तिच्या हाताखालून गेलेलं पान माझ्याकडे यायचं आणि ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त होऊन छापायला जायचं. त्यामुळे पुढे जे झालं त्यात मीही कुठेतरी आहे. पण गोष्ट तिची आहे.

तिचं लग्न झालं नव्हतं. जवळचं माणूस म्हणजे एक मोठा भाऊ, नऊ वर्षांनी मोठा. दादा. आई दोन पाळ्यांत कामाला जायची, तेव्हा हिची वेणी घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं. लहानपणी ही तोतरं बोलायची. वर्गात नाव सांगायची वेळ आली की पहिल्या अक्षरावरच गाडी अडायची आणि मुलं फिदीफिदी हसायची. दादा तेव्हा नुकताच क्लॅरिनेट शिकायला लागला होता. त्याने एक युक्ती काढली. तो खालचा एक सूर लांबवर धरून ठेवायचा आणि हिने त्या सुरावर शब्द सोडायचा. दम संपेपर्यंत तो फुंकत राहायचा, आणि तेवढ्यात हिचं वाक्य पुरं व्हायचं. दोन वर्षं हा उद्योग रोज चालला. "माझं बोलणं म्हणजे दादाचा श्वास आहे," असं ती एकदा मला म्हणाली होती. ती सहसा असं काही बोलायची नाही, म्हणून लक्षात राहिलं.

दादा पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायचा आणि दर रविवारी बागेतल्या गोल चबुतऱ्यावर नगरपालिकेच्या बँडमध्ये वाजवायचा. निवृत्त झाला तरी बँड सोडला नव्हता. गोरा, उंच, गालांना खळ्या. क्लॅरिनेट तोंडाला लावलं की दहा वर्षांनी तरुण दिसायचा. साखरेचा आजार होता, गोळ्या नियमित घ्यायचा, आणि त्यापलीकडे डॉक्टर या जमातीपासून चार हात लांब राहायचा. बहिणीची पुरवणी मात्र बुधवारी सकाळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. वहिनी म्हणायच्या, "घरात मी काही सांगितलं तर ती बडबड, आणि तेच छापून आलं की शास्त्र."

त्या वर्षी दंत महाविद्यालयातल्या एका प्राध्यापक डॉक्टरीणबाईंचा लेख आला. विषय होता चहा, कॉफी आणि तोंडाचं आरोग्य. लेख छान होता. चहात, विशेषतः हिरव्या चहात, कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात, कॉफीत क्लोरोजेनिक आम्ल असतं. ही अँटिऑक्सिडंट कुळातली मंडळी. हिरडी सुजते तेव्हा शरीर जंतूंशी लढताना स्वतःचंच थोडं नुकसान करून घेतं, तो दाह कमी करायला ही द्रव्यं मदत करू शकतात. तोंडातल्या काही त्रासदायक जंतूंची वाढही ती रोखतात असं दिसलं आहे. बिनसाखरेच्या चहाच्या चुळा भरणाऱ्यांच्या हिरड्यांतलं रक्त कमी झाल्याचं काही अभ्यासांत आढळलं आहे. सगळं सोप्या भाषेत, कुठे अवाजवी दावा नाही. कात्री स्वतः दिवसातून दोन कप बिनसाखरेची कॉफी प्यायची, त्यामुळे तिला लेख फारच आवडला. मथळाही तिनेच दिला: "तुमचा चहा, हिरड्यांचा पहारेकरी". मथळ्यावर ती खूश होती. मला दोनदा वाचून दाखवला.

मंगळवारी संध्याकाळी पान तयार झालं आणि जाहिरात विभागातून निरोप आला की खालची गाद्यांची जाहिरात दोन बोटं उंच झाली आहे. म्हणजे लेखाच्या सहा ओळी चौकटीबाहेर. अशा वेळी आमच्याकडे एकच रिवाज होता: शेपूट छाटायची. मधून कापलं तर सांधे जुळवत बसावं लागतं. शेवट कापला की काम झालं. तिने पडद्यावर शेवटच्या सहा ओळी निवडल्या आणि मान वळवून मला विचारलं, "ही शेपूट गेली तर चालेल ना?"

मी वाचलं. चष्म्यावरून, घाईघाईत. "चालेल की," म्हटलं. "डॉक्टरांचा नेहमीचा समारोप आहे. सगळेच लिहितात."

त्या ओळी अशा होत्या: "मात्र हे निष्कर्ष बरेचसे प्रयोगशाळेतले आणि छोट्या अभ्यासांतले आहेत. चहा-कॉफीने दातांवरचं कीटण निघत नाही, आणि साखर घातली तर फायदा राहतो बाजूला. हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असेल, आणि विशेषतः मधुमेह असेल, तर चुळा भरत घरी बसू नका, दातांच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त थांबलं म्हणजे आजार थांबला असं नाही."

तिने एक कळ दाबली आणि पान छापायला गेलं.

बुधवारी दादाने लेख वाचला. त्याला त्या सुमारास क्लॅरिनेटच्या रीडवर, म्हणजे तोंडात धरायच्या वेताच्या पातळ पट्टीवर, गुलाबी डाग दिसायला लागले होते. सकाळी दात घासतानाही बेसिन लाल व्हायचं. कुणाला बोलला नव्हता. लेख वाचून त्याचा जीव भांड्यात पडला. त्याच दिवशी हिरव्या चहाची पुडी आणली, बिनसाखरेचा काढून, निववून, दिवसातून तीनदा चुळा सुरू. तालमीलाही थर्मास घेऊन जायचा. बँडमधली मंडळी थट्टा करायची, "वादक आलेत की टपरी आलीय?" हा मान वर करून खळखळ चूळ भरायचा आणि मग वाजवायला बसायचा.

आणि गंमत म्हणजे फरक पडला. तीन-चार आठवड्यांत रक्त कमी झालं, रीड स्वच्छ राहायला लागली. एका रविवारी कार्यक्रम संपल्यावर बागेतल्या बाकावर बहीण शेजारी येऊन बसली, तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं.

"तुझ्या लेखाने काम केलं बघ चिमणे. दोन महिने रक्त यायचं. आता जवळजवळ बंद."

"लेख माझा नाही दादा."

"मग?"

"मथळा माझा."

दोघं हसले. आणि हसता हसता तिला ती शेवटची ओळ आठवली. रक्त थांबलं म्हणजे आजार थांबला असं नाही. शब्दन् शब्द. ती नंतर मला म्हणाली, "आठवली नसती तर बरं झालं असतं. पण आठवली. आणि मी विचार केला, आता कुठे तो खुशीत आहे, आता कशाला. घरी गेल्यावर फोन करून सांगू. मग दुसरं काहीतरी निघालं." तिने फोन केला नाही. पुढच्या रविवारी विषय निघाला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मधल्या महिन्यांत तिला खुणा दिसत होत्या. दादा जवळ येऊन बोलायला लागला की त्याच्या तोंडाला एक जड वास यायचा. तिने खुर्ची थोडी मागे सरकवली, इतकंच. तो सफरचंद दाताने तोडायचा बंद झाला. वहिनी पातळ फोडी करून द्यायच्या. एकदा वहिनींनी तिला ऑफिसात फोन केला.

"अहो, तुमच्या दादांचा वरचा पुढचा दात हलतोय. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, रक्त कुठे येतंय? माझं काही ऐकत नाहीत. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील."

"सांगते वहिनी. या आठवड्यातच सांगते."

आमचा वार्षिक अंक डोक्यावर होता. एक आठवडा गेला, मग तीन गेले. मी शेजारी बसून तो फोन ऐकला होता. मीही तिला आठवण केली नाही.

त्यानंतरच्या रविवारी बागेत बरीच गर्दी होती. कार्यक्रमाच्या मध्यात क्लॅरिनेटचा एकट्याचा तुकडा होता, दादाच्या हातचा मळ. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकवावे लागतात, सगळा आधार तिथे असतो. वरच्या सुरावर गेला आणि हलता दात आत कलला. सूर फाटला. शिट्टीसारखा कर्कश आवाज निघाला आणि पुढे बसलेली लहान मुलं खदाखदा हसली. दादाने वाद्य तोंडातून काढलं, त्याच्याकडे बघितलं, जणू बिघाड त्याच्यात आहे, आणि पुन्हा तोंडाला लावलं. पुन्हा तेच. बँडमास्तरांनी प्रसंग ओळखून बाकीच्यांना पुढचा तुकडा सुरू करायला लावला. दादा उरलेला वेळ मांडीवर वाद्य ठेवून सरळ बसून राहिला. ती समोर तिसऱ्या रांगेत होती. "पळून जावंसं वाटलं," ती म्हणाली. "आणि हलता येईना."

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरकडे गेले. दादाचा हट्ट एकच, "जायचं तर त्या लेखातल्या बाईंकडेच." दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या दुपारी बसायच्या. बारीक, पिकलेल्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. कात्रीचं त्यांच्याशी लेखाबद्दल बोलणं झालं होतं ते फक्त ईमेलवर. चेहरा माहीत नव्हता. दादाने ओळख करून दिली ती "ही माझी धाकटी बहीण" एवढीच. तिनेही पुढे काही सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, बारीक सळईने प्रत्येक हिरडी तपासली आणि ती दातापासून किती मिलीमीटर खोल सुटली आहे ते आकडे सहायिकेला सांगत गेल्या. सात. आठ. सहा. नऊ. मग खुर्ची सरळ करून म्हणाल्या, "दातांभोवतीचं हाड गेलंय. वरचे पुढचे पाच दात वाचणार नाहीत. बाकीचे वाचवू, पण आता सफाई दर तीन महिन्यांनी, न चुकता. किती दिवस त्रास आहे?"

"वर्ष होईल. पण रक्त थांबलं होतं हो. तुमच्यामुळेच." आणि त्याने खिशातून घडी घातलेलं कात्रण काढून त्यांच्यापुढे धरलं. कडा झिजल्या होत्या. "अगदी लिहिलंय तसंच केलं. बिनसाखरेचा, निववून, दिवसातून तीनदा."

बाईंनी कात्रण घेतलं. वाचलं. उलटं करून मागे बघितलं.

"लेख इथे संपत नाही," त्या म्हणाल्या.

"इथेच संपतो की. खाली बघा, गाद्यांची जाहिरात आहे."

"नाही. मी पुढे लिहिलं होतं." त्यांनी टेबलावरच्या संगणकात शोधून मूळ प्रत काढली आणि पडदा त्याच्याकडे वळवला. "चहाने सूज उतरते काही अंशी, ते खोटं नाही. म्हणून तर तुमचं रक्त कमी झालं. पण हिरडीच्या आत कीटण तसंच होतं, आणि साखर असलेल्या माणसाचं हाड भराभर झिजतं. वरून शांत, आतून चालूच. म्हणून मी शेवटी हे लिहिलं होतं."

दादाने चष्मा लावला. ओठ हलवत, सावकाश, त्या सहा ओळी वाचल्या. मग चष्मा काढून कपाळ पुसलं. बहिणीकडे बघितलं नाही.

"मला बोलायचं होतं," कात्री मला सांगत होती. "मीच कापल्या, एवढं दोन शब्दांचं वाक्य. तो बाईंना म्हणाला, छापणाऱ्यांकडे जागा नसेल. माझी बाजू घेतली की नाही, ते त्यालाच माहीत. मी पिशवीचा बंद घट्ट धरून जमिनीवरच्या फरश्या मोजत होते."

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्याकडे असं कोण कापतं गं?"

"जागेवर अवलंबून असतं," ती म्हणाली.

हे उत्तर तिला पुढे कित्येक दिवस जगू देईना. ऑफिसात ती पान लावायला बसायची आणि पडद्याकडे नुसती बघत राहायची. कॉफी थंड व्हायची. एकदा सहा ओळींचा प्रश्न आला, तर तिने उठून जाहिरात विभागात जाऊन भांडण केलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, आजारी आहे. मी विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, आठवतं? चालेल का म्हणून."

"आठवतं," मी म्हटलं.

"तुझ्यावर ढकलत नाही. तू नाही म्हणाला असतास तरी मी कापल्याच असत्या. मला घरी जायचं होतं."

पाच दात निघाले. सूज उतरल्यावर आठवड्याभराने ती दादाच्या घरी गेली. वहिनी बाहेर गेल्या होत्या. दादा टेबलापाशी क्लॅरिनेटचे भाग एकेक करून फडक्याने पुसत होता. वाजवायचं नव्हतं, तरी पुसत होता. ती समोर बसली. पहिल्या शब्दावर अडली, लहानपणी अडायची तशीच. तो थांबला. घाई केली नाही.

"मी कापल्या दादा. त्या ओळी."

त्याने फडकं खाली ठेवलं. वरचा ओठ आत गेलेला होता, त्यामुळे चेहरा अचानक म्हातारा दिसत होता.

"किती होत्या?"

"सहा."

"सहा." मग त्याने विचारलं, "चुकून कापल्यास?"

"नाही. वाचून कापल्या."

"बागेत मी तुला सांगितलं, रक्त थांबलं म्हणून. तेव्हा तुझ्या लक्षात होतं?"

इथे तिला खोटं बोलता आलं असतं. त्याने विश्वास ठेवला असता, हे तिला माहीत होतं.

"होतं," ती म्हणाली.

तो उठला. वाद्याचे भाग एकेक करून पेटीत ठेवले, पेटी बंद केली. "तू आता जा," म्हणाला. ओरडला नाही, दारही आपटलं नाही. ती जिना उतरून खाली आली आणि फाटकापाशी बराच वेळ उभी राहिली. घरी जायचा रस्ता कुठल्या बाजूला आहे तेच सुचेना.

त्यानंतर त्याने तिचा फोन घेतला नाही. वहिनी घ्यायच्या, खुशाली सांगायच्या, आणि विचारलं की म्हणायच्या, "झोपलेत." दुपारी झोपलेत, सकाळी अकराला झोपलेत. रविवारी ती बागेत जायची, लांब उभी राहायची. क्लॅरिनेटच्या जागेवर दुसरा कुणी होता.

मग तिने एक गोष्ट केली. संपादकांकडे जाऊन म्हणाली, त्या सहा ओळी छापायच्या, आणि त्या का गेल्या होत्या तेही.

संपादक चांगला माणूस, पण संपादक. "चूक कुठे झाली? मजकूर खोटा नव्हता. जागेअभावी कापणं हा आपला हक्क आहे. असं कबूल करत बसलो तर रोज अर्धं पान त्यातच जाईल."

"अर्धं नको. सहा ओळी आणि वर दोन."

"बाई, वर्षभरापूर्वीचा लेख कोण लक्षात ठेवतं?"

"माझ्या भावाने खिशात ठेवला होता."

त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. म्हणाले, "द्या."

बुधवारच्या पुरवणीत, त्याच जागी, चौकटीत छापून आलं: अमुक तारखेच्या लेखाचा शेवट जागेअभावी कापला गेला होता, तो असा, तो महत्त्वाचा होता, मी तो वाचला होता आणि तरी कापला. खाली तिचं पूर्ण नाव. बावीस वर्षांत तिचं नाव पुरवणीत प्रथम आलं ते असं. मी ते मुद्रित चार वेळा तपासलं. चूक एकही नव्हती, तरी तपासत राहिलो.

त्या दिवशी अकरा फोन आले. एका बाईच्या सासूबाई कॉफीच्या चुळा भरून हलती दाढ सांभाळत होत्या. कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, विचारत होत्या. एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, तुम्ही लोक आज एक सांगता, उद्या दुसरं, आम्ही चहा प्यायचा की नाही ते एकदा ठरवा. तिने शांतपणे सांगितलं, "प्या ना, बिनसाखरेचा प्या, चांगलाच आहे. फक्त वर्षातून एकदा दात दाखवा." संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचाही फोन आला. त्या दिवशी खोलीत बसलेली बहीण कोण, ते त्यांना दादाच्या केसपेपरवरचंच आडनाव तिच्या नावापुढे वाचून आता कळलं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या भावाला इतकी वर्षं साखर आहे आणि त्यांनी एकदाही दात दाखवले नव्हते. सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका. थोडं घ्या."

"थोडं म्हणजे किती?" तिने विचारलं.



दादाला अर्धी कवळी बसली. कवळीवर माउथपीस टेकत नाही. दाब आला की सरकते. बँडमधल्या एका जुन्या वादकाने त्याला दुसरी पद्धत दाखवली: खालच्यासारखाच वरचा ओठही दातांवर दुमडून घ्यायचा आणि दोन्ही ओठांमध्ये वाद्य धरायचं. ओठ सोलवटून निघतात, दम दुप्पट लागतो. त्याने सहा महिने तसा सराव केला. खालचे सूर जमले, वरचे नाही जमले. बँडमास्तरांनी त्याला मागच्या रांगेत बसवलं, नुसता साथीचा भाग वाजवायला. एकट्याचा तुकडा पुन्हा कधी त्याच्याकडे आला नाही. हे सगळं तिला वहिनींकडून कळायचं.

एके दिवशी वहिनींचाच फोन आला. "सोमवारी यांची सफाई आहे. माझ्या गुडघ्याने दगा दिलाय. त्यांना एकट्याला पाठवायचा जीव होत नाही, मागच्या वेळी भूल दिल्यावर चक्कर आली होती. तुम्ही जाल?"

"दादाला चालेल?"

"विचारलं मी. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत."

ती अर्धा तास आधीच जाऊन बसली. प्रतीक्षालयात हिरव्या रेक्झिनची बाकं, भिंतीवर दात घासायची रीत दाखवणारा तक्ता, कोपऱ्यात एक रडणारं पोर आणि त्याला समजावणारी आई. दादा आला. पिशवी मांडीवर घेऊन, मधे एका माणसाची जागा सोडून बाकावर बसला. समोर बघतच म्हणाला, "तू यायलाच पाहिजे असं नव्हतं."

"माहीत आहे."

"माझा राग गेलेला नाही."

"असू दे."

"तू त्या वेळी नाही म्हणाली असतीस, लक्षात नव्हतं म्हणून, तर मी सोडून दिलं असतं."

तिने मान हलवली. तिला खूप काही सांगायचं होतं: की रोज सकाळी दात घासताना आरशात तिला त्याचाच चेहरा दिसतो, की आता ती एकही लेख लेखकाला फोन केल्याशिवाय कापत नाही, की त्याने काही विसरायला नको, क्षमा वगैरे नको, फक्त फोन घ्यावा. त्यातलं काहीच तिने तोंडातून काढलं नाही. तेही त्याच्यावर ओझं टाकणंच झालं असतं, असं तिला वाटलं.

"कॉफी पितेस अजून?" त्याने अचानक विचारलं.

"एक कप. सकाळी."

"मी चहा पितो. त्या बाई म्हणाल्या, पिण्यात काही वाईट नाही."

"चांगलाच आहे तो."

"ते कळलं मला," तो म्हणाला. कवळीमुळे त्याचे काही उच्चार अजून घसरत होते, आणि ते ऐकताना तिला मान वर करून बघवेना.

आतून सहायिकेने त्याला हाक मारली. तो उठला, चष्मा काढून खिशात ठेवला, हातातली पिशवी क्षणभर तोलली, आणि ती तिच्या मांडीवर ठेवून आत गेला.